मोजणी चोख होती, अर्धा होता तो प्रश्न

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगते. तुम्ही २०२२ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नाशिकहून मिडलँड्सला आलात. ऑफिसात जेवताना दोन सहकाऱ्यांची ब्रेक्झिटवरून, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्यावरून, अजूनही जुंपते. एक म्हणतो, २०१६ चं सार्वमत ही फसवणूक होती. दुसरा म्हणतो, आम्ही जिंकलो आणि तरी फसवले गेलो आम्हीच. तुम्ही विचारताय, मतदानात खरंच घोटाळा झाला होता का? ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांवर एवढा मोठा निर्णय घेतात का? मग परत मतदान का नाही घेतलं? आणि शेवटी जरा बिचकत विचारलंय की घरमालक म्हणतो तुमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही तेव्हा मत होतं, ते खरं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते. खरं आहे, आणि आजही आहे. त्याच्याकडे परत येईनच.

माझी ओळख एवढीच, की मी मूळची सावंतवाडीची आणि गेली १९ वर्षं दक्षिण इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या इलेक्शन ऑफिसात काम करते. मतदारयादी, पोस्टल मतं, केंद्रांवर माणसं नेमणं, मोजणीची रात्र, हे सगळं आमच्याकडे. मी स्वतः कुठल्या चौकटीत फुली मारली ते सांगणार नाही. आमच्या कामात ते चालत नाही, आणि आता तशी सवयच झालीय.

तुमच्या टेबलावरचं भांडण मिटत नाही याचं कारण ‘घोटाळा’ या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबल्या जातात. मतं नीट मोजली का? मत कुणाला होतं? प्रचार खरा होता का? आणि मुळात लोकांना विचारलं काय? पहिल्याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकते. मधल्या दोन्हींत ‘न्याय्य’ कशाला म्हणायचं यावर उत्तर बदलतं. चौथ्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे.

मोजणीपासून सुरू करू. २३ जून २०१६ ला मी इन्स्पेक्टर होते, म्हणजे वाटून दिलेल्या केंद्रांवर सकाळी ७ ते रात्री १० फेऱ्या मारायच्या आणि कुठे काही अडलं तर सोडवायचं. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर पेन्सिलीत. इथे केंद्रावर दोऱ्याने बांधलेली पेन्सिल असते. आदल्या दिवसापासून अफवा फिरत होती की पेन्सिलची फुली रात्री खोडून बदलणार, म्हणून स्वतःचं पेन न्या. एक आजोबा तर दोन पेनं घेऊन आले होते, एक बिघडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. मी त्यांना सांगितलं, पेन खुशाल वापरा, नियमात काही आडवं येत नाही. पेन्सिल ठेवतात त्याचं कारण अगदी साधं. शाई ओली असताना कागदाची घडी घातली की तिचा डाग दुसऱ्या चौकटीवर उमटू शकतो आणि मत संशयास्पद ठरू शकतं. पेन्सिल वाळतही नाही आणि गळतही नाही.

रात्री पेट्या स्पोर्ट्स हॉलमध्ये आल्या. बॅडमिंटनच्या कोर्टावर टेबलं मांडलेली, आणि पलीकडे हातभर अंतरावर दोन्ही बाजूंचे एजंट उभे. पेटी उघडून टेबलावर उलटी करायची आणि रिकामी पेटी एजंटांना आतून दाखवायची. मग पहिलं काम मतं मोजायचं नव्हेच, कागद मोजायचे. केंद्राध्यक्षाने लिहून दिलेला हिशोब असतो, इतक्या मतपत्रिका मिळाल्या, इतक्या दिल्या, इतक्या खराब झाल्या. पेटीतले कागद त्या आकड्याशी जुळवायचे. आमच्या एका पेटीत एक कागद कमी भरला. रात्रीचे दोन वाजलेले, सगळे पेंगुळलेले. तीन वेळा मोजलं तरी एक कमीच. शेवटी एका पोरीला तो सापडला, दुसऱ्या कागदाच्या घडीत घडी अडकून बसला होता. बहुधा नवराबायकोनं कागद एकत्रच दुमडले असावेत. एका कागदासाठी वीस मिनिटं हॉल थांबला होता, आणि त्या वीस मिनिटांत दोन्ही बाजूंचे एजंट आमच्या बोटांकडे बघत होते.

असे हॉल देशभर होते, मोजणीचे एकूण ३८२ विभाग. सगळ्यांचे आकडे मँचेस्टरला गेले आणि तिथल्या टाउन हॉलमधून निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष जेनी वॉटसन यांनी निकाल जाहीर केला. बाहेर पडण्याच्या बाजूने, म्हणजे लीव्हला, १,७४,१०,७४२, राहण्याच्या बाजूने, म्हणजे रिमेनला, १,६१,४१,२४१, बाद मतं २५,३५९, मतदान ७२.२ टक्के. फरक १२,६९,५०१ मतांचा. एवढा फरक खोडरबरने पाडायचा म्हणजे शेकडो हॉलमधल्या हजारो एजंटांना एकाच रात्री झोप लागायला हवी. तेव्हा जेवणाच्या टेबलावर कुणी मोजणीवर बोट ठेवलं तर तो मुद्दा तिथेच सोडून द्या, त्यात दम नाही.

दुसरी तक्रार, मत कुणाला होतं याची. इथे तुमच्या घरमालकाचा मुद्दा येतो, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचं काहीच बोलत नाहीये. ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीची मतदारयादी तीच साधारण या सार्वमतालाही वापरली. तीत ब्रिटिश, आयरिश आणि कॉमनवेल्थ देशांचे इथे कायदेशीर राहणारे नागरिक येतात, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन, ऑस्ट्रेलियन. सायप्रस आणि माल्टाचेही, कारण ते कॉमनवेल्थमध्ये आहेत. युरोपियन युनियनच्या बाकी देशांची माणसं मात्र येत नाहीत, मग ती इथे तीस वर्षं राहिलेली असोत. १६–१७ वर्षांच्या मुलांना मत द्यावं असं संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, सुचवलं होतं, खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, ते नाकारलं. १५ वर्षांहून जास्त काळ परदेशात राहणाऱ्या ब्रिटिशांनाही मत नव्हतं. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या कित्येक निवृत्तांचं पुढचं आयुष्य यावर ठरणार होतं. याउलट २०१४ च्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात १६ वर्षांच्या मुलांनाही मत होतं आणि तिथे राहणाऱ्या युरोपियनांनाही.

कागदावर हा नियम कोरडा वाटतो. मला तो दिसला तो एका चर्चच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाच्या सुमारास. केंद्राध्यक्षीण बाईंनी मला बाजूला बोलावलं, म्हणाल्या, हे तुमच्या भागातले वाटतात, जरा समजावून सांगा. गोव्याचं जोडपं होतं, सासष्टीकडचं. आमच्या गावात गोवेकर बरेच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्या जोरावर हजारो गोवेकर इंग्लंडात आले, हे तुम्हाला माहीत असेलच. यातला नवरा पोर्तुगीज पासपोर्टवाला. भारतीय नागरिकत्व गेलेलं, म्हणजे कॉमनवेल्थही गेलं. बायको भारतीय पासपोर्टवर, त्याची बायको म्हणून मिळालेल्या परवान्यावर इथे आलेली. यादीत तिचं नाव स्वच्छ, आणि त्याच्या नावासमोर ‘जी’ हे अक्षर, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीपुरतं मत.

मी मालवणीत समजावत होते, तो कोंकणीत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘‘हांव पासपोर्ट घेवन आयलों, आनी मत हिका?’’ बायको आत गेली, फुली मारून आली. तिचा इथे राहण्याचा हक्क ज्याच्या पासपोर्टवर टेकलेला, तो नवरा दाराशी छत्री घेऊन उभा.

हा अन्याय होता का? नियमाने बघाल तर नाही. कॉमनवेल्थचं मत हे जुन्या साम्राज्याचं उरलेलं शेपूट आहे आणि ते सगळ्या सार्वत्रिक निवडणुकांना लागू आहे, काही २०१६ साठी बनवलेलं नव्हतं. पण ज्याच्या डोक्यावर निर्णय कोसळणार त्यालाच विचारलं नाही, ही रिमेनवाल्यांची तक्रार मी उडवून लावू शकत नाही. आणि ज्यांचा युरोपशी काही संबंध नाही अशा भारतीयांना का विचारलं, असं घरमालक म्हणत असेल, तर तीही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

प्रचाराचं थोडक्यात सांगते, त्यावर वाचायला भरपूर मिळेल. लाल बसवरचा तो आकडा तुम्ही ऐकला असेल, आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट मुळात पैसे भरण्याआधीच वजा व्हायची; ती धरली तर आकडा २५ कोटींच्या आसपास येतो, आणि त्यातलाही बराच भाग शेतीच्या अनुदानासारख्या वाटांनी परत यायचा. सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं तो आकडा दिशाभूल करणारा आहे असं मतदानाआधीच म्हटलं होतं. दुसरीकडे सरकारने ९३ लाख पौंड खर्चून युरोपात राहण्याची बाजू मांडणारं पत्रक घरोघर पाठवलं, त्याचा राग लीव्हवाल्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. जुलै २०१८ मध्ये निवडणूक आयोगाने लीव्हच्या अधिकृत प्रचारसंस्थेला, ‘व्होट लीव्ह’ला, ७० लाख पौंडांची खर्चमर्यादा जवळपास ५ लाखांनी ओलांडल्याबद्दल आणि इतर चुकांबद्दल ६१ हजार पौंड दंड केला. त्यांनी अपील केलं, मग मागे घेतलं. रिमेनच्या बाजूच्याही काहींना हिशोबातल्या चुकांसाठी दंड झाले, रकमा लहान होत्या.

मग निकाल रद्द का नाही झाला? खासदारकीच्या निवडणुकीत असा प्रकार सिद्ध झाला तर कोर्ट निवडणूक रद्द करू शकतं. इथे रद्द करण्यासारखं कायद्याने काही नव्हतंच, कारण हे सार्वमत सल्ल्यापुरतं होतं! २०११ मध्ये मतदानाची पद्धत बदलायची का यावर सार्वमत झालं, तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं की ‘होय’ आलं तर मंत्र्याने तरतुदी लागू करायच्याच. २०१५ च्या युरोपच्या सार्वमताच्या कायद्यात असं एकही वाक्य नव्हतं. पण त्याच सरकारी पत्रकात छापलं होतं, निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कायदा म्हणतो सल्ला, पत्रक म्हणतं हुकूम. तुमचे दोन सहकारी बहुधा यातला एकेक कागद हातात धरून भांडताहेत.

आता चौथी तक्रार, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

मतपत्रिकेवर प्रश्न होता, युनायटेड किंगडमने युरोपियन युनियनचा सदस्य राहावं की युरोपियन युनियनमधून बाहेर पडावं? खाली दोन चौकटी. शब्दरचना तशी चांगली होती. मूळ मसुद्यात ‘सदस्य राहावं का, होय/नाही’ असं होतं, ते एका बाजूला झुकतं म्हणून आयोगाच्या सूचनेवरून बदललं. भाषेत खोट नव्हती. खोट ही, की ‘राहावं’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, कारण ते चालूच होतं. ‘बाहेर पडावं’ म्हणजे कुठे जावं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहून? तुर्कस्तानसारखं जकातीपुरतं एकत्र? कॅनडासारखा नुसता व्यापार करार? की काहीच करार नाही? एका चौकटीत एक घर होतं आणि दुसरीत नुसता दरवाजा.

हे मी पश्चातबुद्धीने म्हणत नाही, याच देशात याआधी वेगळं झालेलं आहे. १९७५ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सननी आधी युरोपात राहण्याच्या अटींवर फेरवाटाघाटी केल्या आणि मग लोकांना विचारलं, ६७.२ टक्के राहू या म्हणाले. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये गुड फ्रायडे हा शांतता करार आधी झाला, त्याची प्रत घरोघर पोचली, लोकांनी ती वाचली, न आवडणारी कलमं शिव्या देत वाचली, आणि मग ७१.१ टक्क्यांनी होकार दिला. २०१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये बाहेर पडू इच्छिणाऱ्यांनी निदान आपल्या कल्पनेचा साडेसहाशेवर पानांचा ग्रंथ छापला होता. पटत नसेल तर पान नंबर सांगून भांडता येत होतं. २०१६ मध्ये क्रम उलटा झाला. आधी मत, मग करार. सरकार राहण्याच्या बाजूचं, त्याने बाहेर पडण्याचा आराखडा करायला नकार दिला. लीव्हचा प्रचार करणाऱ्यांनी तो मुद्दामच केला नाही, कारण एक आराखडा छापला असता तर बाकीचे लीव्हवाले बिथरले असते. हा माझा अंदाज, पण इतक्या वर्षांच्या निवडणुका पाहून केलेला.

पुढची साडेतीन वर्षं म्हणजे ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले. त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे म्हणाल्या ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट, आणि या व्याख्येवर देश काही महिने चाललाही. जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ ने सांगितलं की संसदेच्या कायद्याशिवाय मंत्र्यांना युरोपियन युनियनला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही. मग कॉमन्सने तो कायदा ४९४ विरुद्ध १२२ ने केला. म्हणजे नोटीस द्यायला बहुमत होतं. मे यांनी युरोपशी केलेला बाहेर पडण्याचा करार आला तेव्हा १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. २७ मार्चला खासदारांनी आठ पर्यायांवर मतं दिली आणि आठही पडले. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय आले. जकात संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी पडला. दुसऱ्या सार्वमताचा २८० विरुद्ध २९२ ने. नको काय ते सगळ्यांना सांगता येत होतं, हवं काय त्यावर बहुमत नव्हतं. संसद नालायक होती म्हणून हे झालं असं लोक म्हणतात, माझ्या मते तिच्या हातात प्रश्नच अर्धा दिला होता.

याचा सामान्य माणसाला किती वीट आला होता ते मला एका दिवसात दिसलं. २३ मे २०१९, युरोपियन संसदेची निवडणूक. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडायचं ठरवलेला देश युरोपच्या संसदेसाठी उमेदवार निवडत होता! सकाळी एका शाळेत इटालियन बाई रडत होती. वीस वर्षं इथे, कर भरलेले, मुलं इथे जन्मलेली. युरोपियन नागरिकांना या निवडणुकीत इथे मत द्यायचं तर ‘मी माझ्या देशात मत देणार नाही’ असा एक वेगळा फॉर्म भरून द्यावा लागायचा. निवडणूक होणारच हे सरकारने पक्कं सांगितलं ७ मे रोजी, आणि फॉर्मची शेवटची तारीखही ७ मे. तिचा फॉर्म आमच्यापर्यंत आलाच नव्हता. नावासमोर तेच ‘जी’ अक्षर. मतपत्रिका देता आली नाही. अशी माणसं त्या दिवशी देशभर परत गेली.

आणि त्याच दिवशी दुपारी, कौन्सिलच्या जुन्या वसाहतीतल्या केंद्रावर, एक गृहस्थ. मी त्यांना ओळखलं, कारण २०१६ मध्ये त्यांनी मला विचारलं होतं की मत कसं द्यायचं. साठी ओलांडलेली, आणि तोवर आयुष्यात कधी मत दिलेलं नव्हतं. त्या सार्वमताला अशी माणसं खूप आली. आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान ६६ टक्के होतं, सार्वमताला ७२. या वेळी ते मतपत्रिका घ्यायलाच तयार नव्हते. एवढंच म्हणाले, मी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा तुम्ही सांगितलं होतं की हे मोजलं जातं. मी म्हटलं, मोजलं की. ते म्हणाले, मग? मला उत्तर सुचलं नाही. रविवारी मोजणीला संशयास्पद मतपत्रिकांच्या गठ्ठ्यात एकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं निघालं, ‘हे मी आधीच सांगितलंय’. नियमाप्रमाणे बाद केली.

तुमच्या टेबलावरच्या दोघांपैकी एकात ती इटालियन बाई बघा आणि दुसऱ्यात हे गृहस्थ. मग त्यांचं बोलणं जरा वेगळं ऐकू येईल.

५२–४८ बद्दल. मतदारयादीतल्या एकूण नावांशी लावलं तर बाहेर पडा म्हणणारे ३७ टक्के होतात, हे रिमेनवाले नेहमी सांगतात. किमान अट घालायला हवी होती का? मला स्वतःला आधी वाटायचं, हो. मग स्कॉटलंडचं १९७९ वाचलं. तिथे स्वतःच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं, अट अशी की एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी तरी होकार द्यायला हवा. होकार जिंकला, ५१.६ टक्के, पण एकूण यादीच्या ३२.९ टक्केच. जिंकूनही हरले. त्यावरून स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या खासदारांनी पाठिंबा काढला आणि पंतप्रधान कॅलहॅन यांचं सरकार एका मताने पडलं, ३११ विरुद्ध ३१०. विधानसभा मिळायला पुढे वीस वर्षं गेली आणि ‘आमचा विजय चोरला’ ही भावना तेवढी वर्षं ताजी राहिली. म्हणजे अट घातली तरी धुसफूस होतेच, फक्त ती दुसऱ्या बाजूला सरकते. आणि अट घालायची तर आधी. गंमत म्हणजे २०१६ मध्ये ‘जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मतं आणि मतदान ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा मतदान घ्या’ या मागणीवर ४१ लाख सह्या झाल्या. तो अर्ज निकालाआधी, आपण हरणार अशा भीतीने, एका लीव्हवाल्यानेच टाकला होता.

दुसऱ्या सार्वमताचंही असंच. त्या वेळी कुणी मला व्यवहारातलं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, घेऊ या, पण चौकटी किती? करार आणि राहणं अशा दोन ठेवल्या तर कराराविना जाऊ पाहणारे म्हणणार आमची चौकट गाळली. तीन ठेवल्या तर बाहेर पडणाऱ्यांची मतं दोन ठिकाणी फुटणार. पसंतीक्रम द्यायचा तर तीच पद्धत २०११ मध्ये लोकांनी नाकारलेली. हे सुटलं नसतं असं नाही, पण आयोगाकडून प्रश्न तपासून घेणं, कायदा, प्रचाराचा काळ धरता निदान पाच-सहा महिने लागले असते आणि बाहेर पडण्याची मुदत संपत आली होती. डिसेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने आले आणि ३१ जानेवारी २०२० ला रात्री अकराला विषय निदान कायद्यापुरता संपला. लोकांच्या मनातून संपला असता तर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता.

आपल्याकडचं एक उदाहरण यात बसतं, कारण माझं आजोळ पेडण्याचं आणि घरात हा विषय निघाला की अजून आवाज चढतात. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. विधानसभेत विलीनीकरणवादी मगोपचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) बहुमत होतं, ठरावावरच भागवता आलं असतं. लोकांनाच विचारा हा आग्रह विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरांचा. मगोपचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने राजीनामा दिला, म्हणजे सत्तेत बसून मतदान घेतल्याचा ठपका नको. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. इतक्या जवळच्या प्रश्नावर माणसं दुखावणारच. आजोबा शेवटपर्यंत हळहळले. पण दोन्ही चिन्हांखाली काय मिळणार ते गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, एक बाजू म्हणजे मुंबईचं राज्य, दुसरी म्हणजे आहे तेच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ‘कौल कशाला दिला’ हा वाद झाला नाही. काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी बांदोडकरांनाच परत मुख्यमंत्री केलं.

आता टेबलावर काय बोलावं. हे तुमचे सहकारी कसे आहेत, तुमचं त्यांच्याशी किती जमतं, यावर आहे. नवीन असाल तर नुसतं ऐका. जमत असेल तर लीव्हवाल्याला विचारा, तू मत दिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर नेमकं काय होतं. रिमेनवाल्याला विचारा, ४९ विरुद्ध ५१ ने तुम्ही जिंकला असता तर तुला पुन्हा मतदान चाललं असतं का. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्थलांतर कमी होईल म्हणून मत दिलेल्या माणसाने नंतर काय पाहिलं? युरोपातून येणारे घटले, बाहेरून येणारे वाढले, आणि जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं, त्यात पहिला नंबर भारताचा. तुम्ही ज्या व्हिसावर आलात तो २०२१ च्या नव्या पद्धतीतला. त्याची चीड तुमच्यावर नाही, पण त्याच्या ताटासमोर तुम्ही बसलेले आहात.

आणि स्वतःचं नाव यादीत घाला. भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसावर इथे राहता, म्हणजे तुम्हाला संसदेच्या निवडणुकीतही मत आहे. ऑनलाइन अर्ज, पाच मिनिटांचं काम, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे तुमचा निळा भारतीय पासपोर्ट दाखवलात की झालं. घरमालक भुवया उंचावेल. त्याला सांगा, हे कौन्सिलच्या बाईंनी सांगितलंय.

ते गोव्याचं जोडपं अजून इथेच आहे. पोर्तुगालशी ब्रिटनने वेगळा करार केलाय, त्यामुळे नवऱ्याचं स्थानिक निवडणुकीचं मत टिकलं. बायको मात्र मध्यंतरी ब्रिटिश झाली. मागच्या स्थानिक निवडणुकीला दोघं एकत्र आले होते, दोघांच्या हातात मतपत्रिका. पेन्सिल एकच होती, तर त्याने तिला म्हटलं, तू आधी.